पिकअपच्या नावानं चांगभलं

“काका, ते जाळीचं लफडं काढूनच टाका. गाडी उडेल म्हणतात.”

आठवड्यातून एकदा तरी हे वाक्य माझ्या गॅरेजात ऐकू येतं. माणूस बदलतो, गाडी बदलते, वाक्य तेच. बोलणारा बहुधा चांगला शिकलेला असतो. त्याच्या घरी पाणी गाळायचं यंत्र आहे, बेडरूममध्ये हवा गाळायचं यंत्र आहे, गाडीच्या एसीला वेगळा फिल्टर आहे, आणि तो वेळेवर बदलला नाही तर साहेब माझ्यावर डाफरतात. फक्त गाडीच्या मागच्या टोकाचा फिल्टर त्यांना नको असतो. कारण सोपं आहे. त्या टोकाला ते स्वतः बसत नाहीत.

पुण्यात गाड्या दुरुस्त करता करता माझे केस पांढरे झाले. कार्बोरेटरचं जेट तोंडानं फुंकण्यापासून ते स्कॅनर लावून कोड वाचण्यापर्यंत सगळं या ग्रीसच्या हातांनी केलंय. त्या हातांच्या जोरावर सांगतो: धूर रोखणारी यंत्रणा तुमच्या गाडीचा दम खात नाही. दम खातो आपला खोटेपणा. आणि या खोटेपणाच्या पंगतीला चार पानं मांडलेली आहेत. शोरूमवाल्याचं, मेकॅनिकचं, पीयूसीवाल्याचं आणि मालकाचं. वाढपी म्हणून अधूनमधून गाड्या बनवणाऱ्या कंपन्याही फिरून जातात.

पंगतीत शिरण्याआधी आरोपींची ओळख करून घेऊ. शिव्या देणाऱ्या बहुतेकांना आपण नेमक्या कुणाला शिव्या देतोय हेच ठाऊक नसतं.

इंजिनात जाणाऱ्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो. एरवी हा वायू लग्नातल्या लांबच्या पाहुण्यासारखा कोपऱ्यात बसून राहतो, कुणात मिसळत नाही. पण सिलिंडरमधल्या ज्वाळेचं तापमान दोन हजार अंशांकडे सरकलं की त्याची ऑक्सिजनशी गट्टी जमते आणि नायट्रोजन ऑक्साइड तयार होतात. ते बाहेर पडून इंधनाच्या वाफेबरोबर उन्हात शिजले की ओझोनचं धुरकं होतं. लॉस एंजेलिसच्या लोकांचे डोळे चुरचुरायला लावणाऱ्या धुरक्याचं हे कोडं हागेन-स्मिट नावाच्या शास्त्रज्ञानं १९५०च्या सुमारास सोडवलं, तेव्हा तिथल्या तेल कंपन्यांना ते पचलं नव्हतं. सत्तर वर्षं उलटली, आमच्या गिऱ्हाइकांना अजून पचलेलं नाही.

ही ज्वाळा थोडी निवावी म्हणून ईजीआर व्हॉल्व्ह असतो. जळून झालेला थोडा धूर तो पुन्हा इंजिनात सोडतो. त्या धुरात जळण्यासारखं फारसं उरलेलं नसतं, तो नुसती उष्णता शोषतो आणि तापमान उतरतं. “म्हणजे इंजिनाला उष्टं खायला घालता आणि वर दम मागता,” असं एका वकीलसाहेबांनी मला सुनावलं होतं. युक्तिवाद झकास, पण खटला टिकत नाही. बहुतेक गाड्यांत तुम्ही ॲक्सिलरेटर पुरता दाबलात की कॉम्प्युटर हा व्हॉल्व्ह मिटून घेतो. ज्या क्षणी तुम्हाला पिकअप हवा असतो, नेमका त्याच क्षणी आरोपी घटनास्थळी हजर नसतो.

तो चोंदतो, हे मात्र खरं. काजळी आणि इंजिनातून येणारी ऑइलची वाफ एकत्र आली की इनटेकमध्ये डांबरासारखा थर बसतो. जिथून मनगट जावं तिथून अंगठा जाईना, अशा इनटेक मी उघडल्या आहेत. मग गाडी ओढत नाही, हेही खरं. उपाय काय? साफ करणं. न्हाणीघराची मोरी तुंबली म्हणून कुणी न्हाणीघर बुजवत नाही. आमच्या धंद्यात मात्र पत्र्याचा तुकडा कापून धुराची वाट बुजवतात, त्याला ‘ब्लँकिंग प्लेट’ असं भारदस्त नाव देतात आणि गिऱ्हाइकाच्या पाठीवर थाप मारतात.

पेट्रोल गाडीतली जाळी, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, तर याहून गरीब प्राणी. सिरॅमिकचं मधाचं पोळं, त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि रोडियमचा पातळ लेप. विषारी कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजन ऑक्साइड आत जातात, आणि जाळी तापलेली असेल तर त्यांतला फार मोठा भाग कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि साधा नायट्रोजन होऊन बाहेर येतो. तिची अट एकच: एक किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा, ना जास्त ना कमी. हा तोल सांभाळायला ऑक्सिजन सेन्सर धुराचा वास घेत बसतो आणि कॉम्प्युटर क्षणाक्षणाला पेट्रोलचा घास कमीजास्त करतो. जाळी धडधाकट असेल तर तिचा अडथळा तुम्हाला रस्त्यावर जाणवणारही नाही. जाणवतो तेव्हा ती वितळलेली असते. ती वितळते कशानं? महिनाभर मिस मारणारा प्लग तुम्ही ‘चालतंय की’ म्हणून तसाच ठेवता, न जळलेलं पेट्रोल जाळीत जाऊन पेटतं आणि तिचं पोळं विरघळतं. खून प्लगच्या हातून, सुपारी मालकाची, फाशी जाळीला.

आणखी एक आरोपी तर तुम्ही पाहिलेलाही नसेल. पेट्रोलच्या टाकीची वाफ हवेत जाऊ नये म्हणून कोळशाने भरलेला एक डबा असतो, कॅनिस्टर. तो वाफ शोषून ठेवतो, आणि पुढे गाडी चालताना इंजिन ती ओढून जाळतं. म्हणजे जी वाफ उडून गेली असती, ती तुमच्याच कामी येते. आता पेट्रोलपंपावर चला. नोझल ‘टक’ करून बंद पडतो. म्हणजे टाकी सांगते, बास. पंपावरचा पोरगा विचारतो, “सर, राउंड फिगर करू?” सर म्हणतात, “कर.” गळ्यापर्यंत पेट्रोल भरतं आणि वाफेसाठी ठेवलेल्या कोळशात चक्क पेट्रोल शिरतं. मग पेट्रोल भरल्या भरल्या गाडी सुरू व्हायला कुरकुर करते आणि सर माझ्याकडे येऊन म्हणतात, “या नव्या गाड्यांत काही राम नाही.” राउंड फिगरमध्ये मात्र राम आहे.

या यंत्रणेला बदनामी कुठून चिकटली, तेही सांगतो, कारण ती अगदीच हवेतून आलेली नाही. अमेरिकेत १९७०चा स्वच्छ हवेचा कायदा आला आणि १९७५च्या मॉडेलपासून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सर्रास बसू लागले. शिसं घातलेल्या पेट्रोलनं जाळी मरते, म्हणून बिनशिशाचं पेट्रोल आलं, आणि ते सोसावं म्हणून इंजिनांचं कॉम्प्रेशन आधीच उतरवलं होतं. कार्बोरेटरच्या जुन्या इंजिनांवर नळ्या आणि व्हॉल्व्ह ठिगळासारखे जोडले गेले. गाड्या खरोखर मरगळल्या. १९७०ची कॅडिलॅक एल्डोराडो ८.२ लिटरच्या इंजिनातून ४०० अश्वशक्ती सांगत होती. १९७६ला तेवढ्याच इंजिनाची १९० उरली. पण हा आकडा फेकणारे एक गोष्ट गिळतात. १९७२च्या सुमारास मोजायची पद्धतच बदलली. आधी पंखा, फिल्टर, सायलेन्सर काढून नागव्या इंजिनाची ताकद मोजत, नंतर सगळं अंगावर ठेवून मोजू लागले. ४०० मधला बराचसा भाग कधी चाकापर्यंत पोचलाच नव्हता.

पुढची गंमत तर कुणीच सांगत नाही. १९७७च्या मॉडेलमध्ये वोल्वोनं ऑक्सिजन सेन्सर आणि तीन विषं एकदम मारणारी जाळी एकत्र आणली. त्या जाळीला तोल हवा होता आणि कार्बोरेटरच्या नशिबात तोल नव्हता. म्हणून फ्युएल इंजेक्शन आणि कॉम्प्युटर घरोघरच्या गाडीत पोचले. तुमची गाडी डिसेंबरच्या पहाटे एका सेल्फमध्ये सुरू होते ना? ज्यांनी फियाटचा चोक ओढून, देवाचं नाव घेऊन, शेजाऱ्यांना धक्का मारायला बोलावून दिवस काढले, त्यांना विचारा. ते सुख पिकअपच्या हौसेतून आलेलं नाही, धुराच्या कायद्यानं आणलंय. माझ्या हातातला स्कॅनर ज्या सॉकेटमध्ये जातो, ते सॉकेटसुद्धा अमेरिकेत १९९६पासून सक्तीचं झालं ते धूर रोखणारी यंत्रणा जिवंत आहे की नाही हे कळावं म्हणून. त्याच सॉकेटमधून आज तिचा गळा घोटतात.

आपल्याकडे १९९५मध्ये चार महानगरांत नव्या पेट्रोल कारना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. २०२०च्या १ एप्रिलला सगळ्या देशात भारत स्टेज चारवरून थेट सहावर उडी मारली. डिझेल कारला किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम कण सोडायची मुभा होती, ती साडेचारवर आली. नायट्रोजन ऑक्साइड २५०वरून ८० मिलिग्रॅमवर. डिझेलमधलं गंधक दहा लाख भागांत ५०वरून १०वर. “मेल्या आता डिझेल गाड्या,” असं आमच्या कट्ट्यावर सगळे म्हणाले. मग चाकणला बनलेल्या दोन गाड्या बघा. २०११ची एक्सयूव्ही ५००: २.२ लिटर डिझेल, १४० अश्वशक्ती. २०२१ची एक्सयूव्ही ७००: डिझेल इंजिन तेवढ्याच लिटरचं, नियम कितीतरी कडक, आणि जोरदार मॉडेलची ताकद १८५. मेलेल्या डिझेलची ताकद वाढली कशी, हे एकदा कट्ट्यानं सांगावं.

आता डिझेलच्या जाळीकडे, म्हणजे डीपीएफकडे येतो. खरी मारामारी तिथं आहे.

हा फिल्टर म्हणजे बारीक नळ्यांचं पोळं, पण एक नळी पुढून बंद, शेजारची मागून बंद. धुराला एका नळीत शिरून भिंतीतून पाझरून दुसऱ्या नळीनं बाहेर जावं लागतं. काजळी भिंतीवर अडकते. पुढचा आणि मागचा दाब मोजणारा सेन्सर फिल्टर किती भरला याचा हिशोब ठेवतो. भरत आला की कॉम्प्युटर थोडं जादा डिझेल उशिरा फवारतो, धूर तापतो, फिल्टर सहाशे अंशांच्या आसपास जातो आणि काजळी आतल्या आत जळून जाते. याला म्हणतात रीजनरेशन. त्याला हवी असतात एका चालीत पळणाऱ्या गाडीची पंधरा-वीस मिनिटं. वारज्याहून बायपासनं खेड शिवापूरपर्यंत जाऊन या, काम झालं.

पण गाडी जाते कुठं? कोथरूडहून डेक्कनला. पाच किलोमीटर, नऊ सिग्नल, परत घरी. इंजिन धड तापतही नाही. जाळायला सुरुवात झाली की मालक किल्ली फिरवून चालू लागतो. उशिरा फवारलेलं डिझेल जळण्याऐवजी सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली ऑइलमध्ये उतरतं, आणि डिपस्टिकवर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढतं. वाढलेलं ऑइल बघून खूश होणारे गिऱ्हाईक मी पाहिलेत. त्यांना वाटतं, गाडी दूध देतेय.

यंत्रणा फुकट चालते, असं मी म्हणणार नाही. फिल्टर धुराला थोडा अडवतो. काजळी जाळायला डिझेल लागतं, ॲव्हरेजमध्ये ते थोडं दिसतं. ऑइलमधल्या द्रव्यांची राख फिल्टरमध्ये साठते, ती जळत नाही, म्हणून कमी राखेचं महागडं ऑइल लागतं. हे खर्च खरे आहेत, आणि ते गाडी घेतानाच गिऱ्हाइकाला सांगायला हवे होते.

इथं पंगतीतलं पहिलं पान: शोरूम. रोज पाच किलोमीटर जाणाऱ्या माणसाला डिझेल गाडी विकणं म्हणजे अंगणात बांधून ठेवायला शर्यतीचा बैल विकणं. सेल्समनला हे माहीत असतं. गाडीबरोबर येणाऱ्या पुस्तकात या फिल्टरवर आख्खी पानं असतात. पण टायधारी पोरगा सनरूफ उघडून दाखवतो, सीटला हवा कशी लागते ते दाखवतो, आणि रोजचं रनिंग किती हे विचारत नाही. विचारलं तर गाडी विकली जाणार नाही. पुढं दिवा लागला की सर्व्हिसवाले सांगतात, “तुमची ड्रायव्हिंग स्टाइल चुकतेय, सर.” विकताना सर राजे होते, बिघडल्यावर ड्रायव्हर झाले.

दुसरं पान माझं. इथं मान खाली घालून लिहितो.

२०२३चा उन्हाळा. एक ओळखीचे गृहस्थ गाडी घेऊन आले. वॉरंटी संपलेली, काजळीचा दिवा लागून लागून गाडी लिंप मोडला, म्हणजे लंगडत चालण्यावर, गेलेली, आणि नव्या फिल्टरचा आकडा लाखाच्या वर सांगितलेला. माणूस रडकुंडीला आला होता. मी अठरा हजारांत ‘मोकळं’ करून द्यायचं कबूल केलं. काम सुरू करण्याआधी सवयीनं सायलेन्सरच्या टोकात बोट फिरवलं. साठ हजार किलोमीटर चाललेली डिझेल गाडी, आणि बोट कोरडं, स्वच्छ.

मग आम्ही फिल्टरचा डबा उतरवला, ग्राइंडरनं त्याच्या पोटाला चीर दिली आणि आतली जाळी पहारीनं फोडून काढली. फुटताना तिच्यातून राखाडी-काळी भुकटी उठली. मैद्याहून बारीक. हेल्परच्या पापण्यांवर, माझ्या चहाच्या ग्लासावर, भिंतीवरच्या देवाच्या फोटोवर जाऊन बसली. दोन दिवस आम्ही दोघं काळं थुंकत होतो. डिझेलचा धूर माणसाला कर्करोग देतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१२मध्ये ठाम जाहीर केलं. ती भुकटी त्या गाडीनं शहरावर न उधळता पोटात धरून ठेवली होती. आणि आम्ही तिचंच पोट फाडून विचारत होतो, तुझ्यामुळे पिकअप का मिळत नाही?

डबा पुन्हा वेल्ड करून काळा रंग मारला, वरून बघणाऱ्याला काही कळणार नाही असा. संध्याकाळी लॅपटॉपवाला आला. त्यानं कॉम्प्युटरला शिकवलं की फिल्टर आहेच असं समज आणि काही विचारू नकोस. जाता जाता डिझेलचा घास आणि टर्बोचा दाबही वाढवून दिला. मालक एक फेरी मारून आले. “काका, रॉकेट!” रॉकेट झालं ते जादा डिझेलनं आणि टर्बोच्या जादा दाबानं. श्रेय गेलं पोकळ डब्याला. सात महिन्यांत क्लच घसरायला लागला, पाठोपाठ टर्बोचं सील गेलं. त्या बिलाच्या वेळी रॉकेट हा शब्द कुणी काढला नाही. त्याआधीच, काम झाल्यावर पंधरा दिवसांनी, गाडी ऑइल बघायला आली तेव्हा मी पुन्हा सायलेन्सरमध्ये बोट घातलं होतं. काजळ पाडलेल्या वाटीतून फिरवल्यासारखं बाहेर आलं.

तिसरं पान पीयूसीचं. ती पोकळ गाडी पीयूसीला गेली आणि पास झाली. मी स्वतः बरोबर होतो. पोरानं नळी टोकाला नुसती टेकवली, नंबरप्लेटचा फोटो काढला, ॲक्सिलरेटर पुरता दाबायचा तिथं अर्धा दाबला आणि सर्टिफिकेट हातात ठेवलं. तो पोरगा सोडून द्या, परीक्षाच बघा. डिझेल गाडीचा या चाचणीत फक्त धुराचा दाटपणा मोजतात. पेट्रोल गाडीचा उभ्या उभ्या कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं इंधन. नायट्रोजन ऑक्साइड, ज्यांच्यासाठी ईजीआर आणि युरियाचा एवढा खटाटोप, ते या चाचणीत मोजतच नाहीत. गणिताच्या पेपरात हस्ताक्षराचे मार्क द्यावेत, तसं हे. पीयूसी नसेल तर दहा हजारांपर्यंत दंड आहे, म्हणून लोक कागद घेतात. गाडीत परवानगीशिवाय फेरफार केला तर कायद्यात मालकाला फेरफारामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. फटफट करणारे सायलेन्सर जप्त करून पोलीस त्यांवर रोलर फिरवतात, त्याचे फोटो छापून येतात. पोकळ केलेल्या डीपीएफवर रोलर फिरलेला मी अजून पाहिलेला नाही. कारण तो आवाज करत नाही. तो फक्त मागच्या स्कूटरवाल्याच्या छातीत जातो.

युरियाचीही तीच कथा. मोठ्या डिझेल गाड्यांत वेगळ्या टाकीत ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असतं. ते गरम धुरात फवारलं की अमोनिया होतो आणि नायट्रोजन ऑक्साइडचं पुन्हा नायट्रोजन आणि पाणी करून टाकतो. ही यंत्रणा तर इंजिनाची मैत्रीणच. घाण बाहेर निस्तरली जाते म्हणून इंजिनाला आत जास्त तापून, कमी डिझेलमध्ये काम करता येतं. मग आपले बहाद्दर काय करतात? खताचा युरिया नळाच्या पाण्यात विरघळवून कॅनमध्ये भरतात आणि हायवेवर विकतात. खताच्या युरियाला आपल्याकडे २०१५पासून निंबोळीच्या तेलाचा लेप सक्तीचा आहे, कारण तो शेतासाठी आहे. तो फवाऱ्यात जाऊन पांढरे खडे धरतो, सेन्सर ओरडतो आणि ट्रकवाला म्हणतो, “हे युरियाचं खूळ सरकारनं कशाला काढलं?” शेतकऱ्याचा युरिया पळवून गाडीला पाजायचा आणि ओकारी झाली की दोष गाडीचा.

वाढपी कंपन्यांनाही मी सोडणार नाही. २०१३मध्ये जनरल मोटर्सनं भारतात एक लाख चौदा हजार टवेरा परत बोलावल्या. तपासणीला पाठवायच्या गाड्यांत निवडक, कमी धुराची इंजिनं बसवली जात होती, हे तेव्हा बाहेर आलं आणि कंपनीनं काही लोकांना काढून टाकलं. २०१५मध्ये फोक्सवॅगन जगभर पकडली गेली. परीक्षेच्या टेबलावर आहोत हे गाडीचं सॉफ्टवेअर ओळखायचं आणि तेवढ्यापुरती धुराची यंत्रणा पूर्ण चालवायचं. रस्त्यावर आलं की ढिलं सोडायचं. अशा एक कोटी दहा लाख गाड्या. आपल्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेनंही चाचण्या केल्या, आणि त्या डिसेंबरात कंपनीनं भारतातल्या तीन लाख तेवीस हजारांहून जास्त गाड्या दुरुस्तीसाठी बोलावण्याचं जाहीर केलं. नायट्रोजन ऑक्साइड दाबायला गेलं की काजळी वाढते, फिल्टर लवकर भरतो, मालक कुरकुरतो. खर्च करून हे सोडवण्याऐवजी त्यांनी परीक्षकाला फसवलं. म्हणजे कोट्यवधींचा सूट घातलेल्या माणसानं तेच केलं, जे मी अठरा हजारांत केलं. त्याच्याकडे फक्त पहार नव्हती.

आता चौथं पान, मालकाचं. मालक, तुम्हाला पिकअप कशाला हवाय, हे एकदा मला शांतपणे सांगा. कर्वे रोडला सिग्नलपासून सिग्नलपर्यंतच्या दोनशे मीटरसाठी? पुढं बस आहे, बसच्या पुढं रिक्षा आहे आणि रिक्षाच्या पुढं खड्डा आहे. गाडी खरंच दबत असेल तर आधी एअर फिल्टर बघा, टायरची हवा बघा, टर्बोची फाटकी होज बघा, चिकटून घासणारा ब्रेक बघा, क्लच बघा. ही यादी काढली की गिऱ्हाइकाचा चेहरा पडतो. त्याला आजार नको असतो, खलनायक हवा असतो. आणि गरीब, मुकी, धूर खाऊन काळी झालेली जाळी खलनायक म्हणून बरी. ती प्रतिवाद करत नाही. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लावून मदत मागते, तर त्या दिव्यावर चिकटपट्टी लावणारेही मला भेटलेत.

ज्याला खरंच सुटका हवी, त्याला माझा सल्ला फुकट आहे. शहरातल्या शहरात फिरायचं असेल तर डिझेल घेऊ नका, शोरूमवाला पाया पडला तरी. घेतलीच असेल तर आठवड्यातून एकदा हायवेला एका चालीत वीस मिनिटं हाकून आणा आणि दिवा लागला असताना किल्ली काढू नका. पुस्तकात लिहिलंय तेच ऑइल घाला. नोझल टक झाला की राउंड फिगर विसरा. मिस मारणारा प्लग त्याच आठवड्यात बदला. ईजीआर बुजवू नका, साफ करून घ्या. एवढं केलंत तर ही यंत्रणा तुम्हाला वर्षानुवर्षं दिसणारही नाही.

त्या उन्हाळ्यानंतर मी एकही जाळी फोडलेली नाही. यात मोठेपणा नाही. हेल्परच्या पापण्या मला अजून दिसतात, एवढंच. शेजारचे दोन गॅरेजवाले फोडतात, माझी गिऱ्हाइकं त्यांच्याकडे जातात, आणि क्लच गेला की परत माझ्याकडे येतात.

तुम्ही उद्या सकाळी एक करा. तुमची डिझेल गाडी भारत स्टेज सहाची असेल तर ती थंड असताना मागं जा, वाका आणि सायलेन्सरच्या टोकात बोट फिरवा. जुनी घेत असाल तर पैसे देण्याआधी फिरवा. बोट स्वच्छ आलं तर त्या जाळीला शिव्या देणं बंद करा, ती तिचं काम करतेय. काळं आलं तर गाडी माझ्याकडे आणा. मी बघून देईन. फक्त “काढूनच टाका” म्हणू नका. ते काम या गॅरेजात एकदा झालंय, आणि त्याचे अठरा हजार मला आजवर पचलेले नाहीत.